रानमाडाची वंशावळ व पक्ष्यांचा वाटा

बियाणें चांगलें तर पीक चांगलें, ही गोष्ट शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको. परंतु बियाण्याचें चांगलेपण कशांत असतें व तें कोणत्या कारणांनीं नाहींसें होतें, याचा विचार आपण बहुधा आपल्या बांधाच्या आंतच करितों. बांधापलीकडे जीं झाडें कोणी न पेरतां उगवतात, त्यांच्या बियाण्याची निवड व वाहतूक कोण करितो, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. उष्ण कटिबंधांतील रानमाडांविषयीं गेल्या कांहीं दशकांत जें संशोधन झालें आहे, त्यानें या प्रश्नाचें फार बोधप्रद उत्तर दिलें आहे. प्रस्तुत लेखांत ब्राझील देशांतील जुसारा नांवाच्या एका रानमाडाची हकीकत घेऊन तें उत्तर वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. हकीकत दूरदेशची असली तरी तिच्यांतील नियम परपरागानें फळणाऱ्या सर्वच वनस्पतींस लागू पडतात.

जुसारा माडाची ओळख

ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगत, समुद्र व डोंगर यांच्या आधारानें पसरलेलें जें पावसाळी रान, त्यास अटलांटिक अरण्य म्हणतात. या रानांत बाहिया प्रांताच्या दक्षिण भागापासून रिओ ग्रांदे दो सुल प्रांतापर्यंत जुसारा माड आढळतो. अर्जेंटिना व पाराग्वे या देशांच्या लगतच्या भागांतही त्याची वस्ती आहे. झाड आपल्या पोफळीसारखें सडपातळ, सरळ व एकखोडी असतें. फळ वाटोळें, पिकल्यावर जांभळटकाळें होतें. त्यावर गराचा पातळ थर असून आंत एकच बी असते, व तिची जाडी ८ पासून १४ मिलिमीटरपर्यंत असते.

या माडाचा शत्रु त्याच्याच शेंड्यांत आहे. शेंड्यांतील कोवळा पांढरा गाभा, ज्यास तेथें पाल्मितो म्हणतात, तो खाण्यास रुचकर असून डब्यांत भरून दूरदूर विकला जातो. गाभा काढावयाचा म्हणजे झाड तोडावें लागतें, आणि खोड एकच असल्यामुळें तोडलेलें झाड पुन्हा फुटत नाहीं. अ‍ॅमेझॉन नदीच्या मुखाकडे वाढणारा आसाई नांवाचा त्याचा भाऊबंद केळीप्रमाणें बेट करून वाढतो. त्याचें एक खोड कापलें तरी दुसरीं उभीं राहतात. जुसाराची तशी सोय नाहीं. पहिलें फळ धरण्यास त्यास कित्येक वर्षें लागतात, व चोरटे तोडकरी तितका काळ थांबत नाहींत. परिणामीं रानांतील माड बीज टाकण्यापूर्वींच नाहींसे होतात. ब्राझील सरकारच्या २०१४ च्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादींत जुसाराचा समावेश झाला, त्याचें हें एक मुख्य कारण होय.

आणखी एक अडचण अशी कीं, जुसाराची बी धान्याप्रमाणें वाळवून कणगींत ठेवितां येत नाहीं. ती सुकली कीं तिच्यांतील जीव जातो. गहूं, भात, ज्वारी यांचे हजारों वाण थंड कोठारांत वर्षानुवर्षें जपून ठेवितां येतात. जुसाराचे वाण ठेवण्याचें कोठार म्हणजे खुद्द रानच होय. तें कोठार फुटलें तर दुसरें नाहीं.

पराग कोण नेतो

जुसाराच्या पोयीवर फुलें तिघांच्या जुडग्यांनीं येतात. मध्यें एक मादीफूल व त्याच्या दोहों बाजूंस एकेक नरफूल असतें. नरफुलें आधीं उमलतात व गळून जातात. त्यानंतर त्याच पोयीवरील मादीफुलें तयार होतात. उंच जातीच्या नारळांतही नरफुलांचा बहर आधीं आटोपतो, हें कोंकणांतील बागाईतदारांच्या पाहण्यांतील आहे. या व्यवस्थेमुळें जुसाराच्या मादीफुलास पराग मिळतो तो बहुधा दुसऱ्या झाडाचा, व तो आणण्याचें काम मुख्यतः लहान रानमाश्या करितात. अर्थात् प्रत्येक फळाचा बाप निराळा असूं शकतो, व एकाच घडांतील बिया दिसण्यांत सारख्या असल्या तरी त्यांचें कुळ एक नसतें.

आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या जीवद्रव्यांतील घटकांस हल्लीं जनुकें असें म्हणतात. एका जातीच्या झाडांत एकाच गुणाचीं जनुकें अनेक प्रकारचीं असतात. एकाचें बीज मोठें, दुसऱ्याचें लहान. एक झाड दुष्काळ सोसतें, दुसरें एखादा रोग सोसतें. हे सर्व प्रकार मिळून त्या जातीचें आनुवंशिक वैविध्य होतें. एका वस्तींतील जनुकें दुसऱ्या वस्तींत जाऊन मिसळणें, यास जनुकांचें वहन म्हणतां येईल. झाड स्वतः चालत नाहीं. म्हणून हें वहन परागाच्या रूपानें किंवा बीजाच्या रूपानेंच होतें. पराग केवळ बापाचा वांटा नेतो. बी मात्र आई व बाप दोघांचाही वांटा नेते, आणि जेथें पडते तेथें नवें झाड उभें करिते. म्हणून तुटलेल्या रानांत बीजाच्या प्रवासाचें महत्त्व अधिक.

बीज कोण नेतो

जुसाराचें फळ खाणाऱ्या पक्ष्यांच्या जाती पन्नासांहून अधिक मोजल्या गेल्या आहेत. परंतु त्या सर्वांची योग्यता सारखी नाहीं. मोठ्या चोंचीचा टूकन, जाकुतिंगा नांवाचा मोठा रानपक्षी व घंटेसारखा नाद करणारा घंटापक्षी हे मोठें फळ अख्खें गिळतात, दूर उडून जातात व बी न मोडतां टाकितात. कस्तुरासारखे लहान पक्षी मात्र आपल्या तोंडांत मावेल तेवढेंच फळ गिळूं शकतात. मोठ्या फळास ते चोंच मारतात, थोडा गर खातात व बी झाडाखालींच टाकून देतात. मातृवृक्षाच्या पायथ्याशीं पडलेल्या बियांचीं रोपें दाटीवाटीनें उगवतात, आणि कीड, उंदीर व परस्परांची ओढाताण यांमुळें बहुतेक मरून जातात.

आतां अटलांटिक अरण्याची स्थिति पाहूं. पोर्तुगीज अंमलापासून उसासाठीं, व एकोणिसाव्या शतकांत विशेषतः कॉफीच्या मळ्यांसाठीं, हें रान तुटत गेलें. आज मूळ अरण्याचा लहानसा अंश तुकड्यातुकड्यांनीं उरला आहे. तुकडा लहान झाला व शिकाऱ्यांची ये-जा वाढली कीं प्रथम मोठे पक्षी जातात. कस्तुरासारखे लहान पक्षी टिकून राहतात. बाहेरून पाहणाऱ्यास रान हिरवेंगार दिसतें, माडही फळांनीं लदलेले दिसतात. परंतु मोठें बीज उचलणारा कोणी तेथें उरलेला नसतो.

याचा परिणाम काय झाला, हें साओ पावलो प्रांतांतील रिओ क्लारो येथील विद्यापीठाचे प्राध्यापक माउरो गालेत्ती व त्यांचे सहकारी यांनीं शोधून काढिलें. त्यांचा निबंध २०१३ सालीं ‘सायन्स’ या विख्यात नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांनीं जुसाराच्या २२ वस्त्या निवडून ९,००० हून अधिक बिया मोजिल्या. ज्या रानांत मोठे पक्षी शिल्लक होते तेथें लहानमोठ्या सर्व आकारांच्या बिया सांपडल्या. जेथून ते नाहींसे झाले होते तेथें १२ मिलिमीटरांहून जाड बिया मुळींच सांपडल्या नाहींत. जमीन, पाऊस, रानाचा विस्तार इत्यादि इतर कारणें त्यांनीं तपासून पाहिलीं. परंतु मोठ्या पक्ष्यांचा अभाव हेंच कारण सर्वांत सबळ ठरलें. मोठ्या बिया झाडाखालीं पडून वायां गेल्या, लहान बिया तेवढ्या पुढें गेल्या, आणि पिढ्या उलटतां उलटतां मोठ्या बीजाचा वाणच त्या रानांतून गेला. हा फरक शंभर वर्षांच्या आंत घडूं शकतो, असें त्यांच्या गणितावरून दिसून आलें.

बी लहान झाली म्हणून बिघडलें काय, असें कोणी विचारील. लहान बी लवकर सुकते, आणि सुकलेली बी मरते, हें वर सांगितलेंच आहे. लहान बियांतून येणारें रोपही लहान असतें. पाऊस लांबला किंवा ऊन अधिक तापलें तर ज्या मोठ्या बिया तग धरत्या, त्या आतां तेथें नाहींत. संकट येण्यापूर्वींच संकटाची शिदोरी संपली आहे.

लहान वस्तीचा धोका

पक्ष्यांमुळें होणारी निवड सोडली तरी तुटलेल्या रानांत आणखी एक हानि गुपचूप चालू असते. समजा, एका रानांत १,००० माड आहेत व त्यांपैकीं १० झाडांच्या अंगीं एखादा दुर्मिळ गुण आहे. सर्व रान तुटून सहजगत्या २० माडांचा एक तुकडा उरला. त्या दहांपैकीं एकही झाड या विसांत नसावें, असें पांचांपैकीं चार वेळां घडेल. पहिल्याच झटक्यांत दुर्मिळ गुण जातो तो असा. पुढें प्रत्येक पिढींत थोड्या झाडांपासून थोडीं झाडें होत गेल्यानें उरलेले गुणही केवळ योगायोगानें गळत जातात, व जवळच्या आप्तांचा संकर वाढतो.

याचा अनुभव शेतकऱ्यास निराळ्या रूपानें आहेच. बाजरी किंवा कांदा हीं परपरागित पिकें होत. बाजरीचें बी दोनचार कणसांचें धरिलें, किंवा कांद्याचे डेंगळे मोजक्याच कांद्यांपासून केले, तर थोड्याच पिढ्यांत पिकाचा जोम उतरतो. भातगव्हासारख्या स्वपरागित पिकांत हा दोष तसा दिसत नाहीं. माड हा बाजरीच्या पंक्तींतला आहे, भाताच्या नव्हे. भेद इतकाच कीं बाजरीची पिढी एका हंगामांत पालटते, माडाची पालटण्यास अनेक वर्षें लागतात. म्हणून माडाच्या वस्तीची हानि डोळ्यांस उशिरां दिसते. उभीं असलेलीं जुनीं झाडें रान अखंड असतांनाच्या काळांतलीं असतात व त्यांत जुनें वैविध्य शाबूत असतें. खरी स्थिति कळावयाची तर त्यांच्या पायथ्याचीं रोपें तपासावीं लागतात. हल्लीं पानाच्या लहानशा तुकड्यांतील जीवद्रव्य तपासून त्या रोपाचे आईबाप कोणते, हें ठरवितां येतें, व पराग किती दूरचा आणि बी किती दूरची, याचा हिशेब मांडतां येतो.

या हानीवर उतारा कोणता? अमेरिकन शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या गणितावरून असें निघतें कीं, दोन वस्त्यांमध्यें दर पिढीस सरासरी एखादा जरी पाहुणा आला आणि तेथें रुजून फळला, तरी त्या वस्त्या एकमेकींपासून अगदींच तुटत नाहींत. प्रत्यक्ष सृष्टींत एकाहून अधिक पाहुणे लागतात, असें पुढील विद्वानांचें मत आहे. तरीही तत्त्व लक्षांत ठेवण्याजोगें आहे. हजारों बिया इकडून तिकडे जावयास पाहिजेत असें नाहीं. परंतु वाट बंद मात्र होतां कामा नये. एक टूकन एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातांना जें काम सहज करितो, तें करण्यास मनुष्यास मोठा खटाटोप करावा लागतो.

चार रोपांचें उदाहरण

रानांतील वैविध्य गेल्यानें लागवडदाराचें काय जातें, हें तेलमाडाच्या इतिहासावरून स्पष्ट होईल. तेलमाड मूळचा पश्चिम आफ्रिकेंतला. १८४८ सालीं त्याचीं चार रोपें जावा बेटांतील बोगोर येथील वनस्पतिबागेंत लाविलीं गेलीं. त्या चार झाडांची संतति सुमात्रा बेटांतील डेली प्रांतांत नेण्यांत आली, व पुढें सुमात्रा आणि मलाया येथील अफाट मळ्यांत तीच पसरली. आजच्या संकरित तेलमाडाची मातृबाजूही बऱ्याच अंशीं याच डेली घराण्यांतील आहे. चार झाडांत जेवढें वैविध्य मावलें तेवढेंच त्या घराण्याच्या वांट्यास आलें. सुधारणा करितां करितां जेव्हां पुढें निवडण्यास फारसें कांहीं उरलें नाहीं, तेव्हां मलेशियाच्या शास्त्रज्ञांस १९७३ सालीं नायजेरियांत जाऊन तेथील रानटी व अर्धरानटी माडांच्या राया धुंडाळाव्या लागल्या. त्या संग्रहांतून कमी उंचीचीं पण भरपूर फळणारीं झाडें हातीं आलीं. माड बुटका असला म्हणजे घड उतरविणें किती सुलभ होतें, हें बागाईतदारांस सांगावयास नको.

दुसरें उदाहरण कोलंबिया देशांतील. तेथील टुमाको भागांत या शतकाच्या पहिल्या दशकांत शेंडा कुजण्याच्या रोगानें हजारों हेक्टर तेलमाड उजाड झाले. त्यानंतर जी नवी लागवड झाली ती बहुतांशीं आफ्रिकन तेलमाड व अमेरिकेंतील रानटी तेलमाड यांच्या संकराची होती, कारण त्या रानटी जातीकडून रोग सोसण्याचा गुण मिळत होता. ती रानटी जात नदीकाठच्या दलदलींत कोणी न जपतां टिकली नसती, तर हा उपाय कोठून आणिला असता?

तेथील शेतकऱ्यांनीं काय केलें

जुसाराच्या बाबतींत ब्राझीलमधील कित्येक लहान शेतकऱ्यांनीं एक शहाणपणाचा मार्ग धरिला आहे. गाभ्यासाठीं झाड तोडण्याऐवजीं ते फळें उतरवितात, त्यांचा गर काढून आसाईच्या गराप्रमाणें विकतात, आणि उरलेल्या बिया पेरितात किंवा रानांत टाकितात. गर काढिल्यावरही बी जिवंत असते. गाभा एकदांच मिळतो, फळें दरसाल मिळतात; म्हणून उभें झाड हेंच भांडवल, असें तेथील जाणते लोक आतां म्हणूं लागले आहेत.

परंतु या कामांतही बियाण्याचा विवेक पाहिजे. सोयीच्या दोनचार झाडांचीच फळें उतरवून त्यांच्या बिया सर्व डोंगरभर टाकिल्या, तर झाडें पुष्कळ होतील, पण तीं सगळीं भावंडें होतील. रान भरलें असें वाटेल आणि कोठार मात्र रितेंच राहील. तसेंच जुसाराच्या रानाशेजारीं आसाईची लागवड करण्यांतही धोका आहे. या दोन जातींचा संकर होऊं शकतो, व जनुकांचें वहन येथें उपकारक न होतां स्थानिक जातीचें स्वरूप बिघडविणारें ठरतें. पाहुणा यावा, पण तो आपल्याच जातीचा व शक्यतों तशाच हवामानाचा असावा.

आपल्याकडील रानमाड

आपल्या कोंकणांत व सह्याद्रीच्या उतारावर भेरली माड रानटी स्थितींत वाढतो. तोही एकखोडी. त्यास पोया शेंड्याकडून सुरू होऊन क्रमाक्रमानें खालीं येतात, आणि शेवटची पोय फळली कीं झाड मरतें. म्हणजे त्यास बीज टाकण्याचा हंगाम जन्मांत एकदांच येतो. त्याचीं फळें धनेश पक्षी व कांडेचोर खातात आणि बिया दूर नेऊन टाकितात. घांटावर व देशावर ओढ्याकांठीं शिंदी वाढते. तिच्यांत नर व मादी हीं झाडें अगदीं वेगळीं असतात, म्हणून एकाकी मादीझाड पराग न मिळाल्यास निष्फळ राहतें. या दोन्ही झाडांचा शेतकऱ्यास उपयोग आहे, व दोन्ही आपल्या मालकीच्या वरकस जमिनींत, बांधावर व ओढ्यावर उभीं असतात. जुसाराची हकीकत ध्यानांत घेऊन त्यांच्या बाबतींत पुढील गोष्टी पाळाव्या.

पहिली गोष्ट, रानमाडांचीं रोपें करावयाचीं असल्यास बी एकाच झाडाची घेऊं नये. शक्य तर तीसचाळीस मातृवृक्षांची, आणि एकमेकांस लागून नसलेल्या झाडांची, थोडथोडी बी सारख्या प्रमाणांत मिसळावी. सर्वांत जास्त फळलेलें एकच झाड निवडण्याचा मोह आवरावा. दुसरी गोष्ट, बी जवळच्या रानांतीलच असावी. ती उन्हांत वाळवूं नये; गर काढून, धुवून, सावलींत ठेवून लवकर पेरावी. तिसरी, भेरली माडास पोया आल्यावर फळें पिकून गळेपर्यंत त्यास हात लावूं नये. चौथी, शिंदीचीं नरझाडें निरुपयोगी समजून सरसकट तोडूं नयेत. पांचवी, दोन रानांच्या मधील ओढ्याच्या कांठचीं व बांधावरचीं उंच झाडें राखावीं, कारण पक्षी त्यांच्याच आधारानें या रानांतून त्या रानांत जातात. सहावी, धनेशाच्या ढोलीचें झाड कोणत्याही किंमतीस विकूं नये. मादी अंडीं उबविण्यास त्या ढोलींत स्वतःस कोंडून घेते. झाड गेलें कीं त्या जोडप्याची वीण बुडते, आणि मोठें फळ गिळून दूर नेणारें एक कुटुंब त्या रानांतून कमी होतें.

यांपैकीं कोणत्याही गोष्टीस मोठा खर्च नाहीं. एका खातेदारानें त्या पाळल्या तर फायदा थोडा. परंतु एका खोऱ्यांतील सर्व खातेदारांनीं मिळून पाळल्या, तर एका रानापासून दुसऱ्या रानापर्यंत बीजाची वाट उघडी राहील. गांवोगांवच्या सभासदांनीं येत्या उन्हाळ्यांत आपल्या शिवारांतील फळणाऱ्या भेरली माडांची व धनेशाच्या ढोलींची मोजणी करून ठेविली, तर पुढील वर्षीं कोणतीं झाडें राखावयाचीं व बी कोठून घ्यावयाची, याचा निर्णय करणें सोपें जाईल.